गर्भाला पेशींची गादी लागते का?

ऐरोलीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. वय ३५. आयव्हीएफ दोनदा झालं. पहिल्या खेपेला ९ बीजं मिळाली, ६ फर्टिलाइज झाली, पण पाचव्या दिवसापर्यंत एकही गर्भ पोचला नाही. दुसऱ्या खेपेला ११ बीजं, ७ फर्टिलाइज आणि एकच ब्लास्टोसिस्ट, म्हणजे पाचव्या दिवसापर्यंत पोचलेला गर्भ, तोही कमजोर. ट्रान्स्फर केला, म्हणजे गर्भाशयात सोडला, रिपोर्ट निगेटिव्ह आला. आता त्यांचे डॉक्टर म्हणतायत की पुढच्या वेळी तुमच्याच गर्भाशयाच्या अस्तरातल्या पेशी आधी काढून ठेवू, लॅबमध्ये त्यांचा थर वाढवू आणि त्या थरावर गर्भ ठेवू, म्हणजे ते मध्येच अडकणार नाहीत. याचे पैसे वेगळे. ताई विचारतात, करावं का?

ताई, मी डॉक्टर नाही, एम्ब्रियॉलॉजिस्ट आहे, म्हणजे लॅबमध्ये गर्भ वाढवणारी. ठाण्यात वीसेक वर्षं झाली. एग पिकअपच्या, म्हणजे बीजं काढून घ्यायच्या दिवशी भिंतीतल्या छोट्या खिडकीतून ट्यूब आत घेणारे हात माझे असतात, चेहरा पेशंटला सहसा दिसत नाही. पेशींच्या थरावर गर्भ वाढवायचं काम, ज्याला आम्ही को-कल्चर म्हणतो, ते मी स्वतः केलेलं आहे. म्हणून आडवळणं न घेता सांगते. माझ्या सख्ख्या बहिणीने विचारलं असतं तर मी म्हटलं असतं, एवढ्यात नको, आधी लॅबकडे एक आकडा माग. तो आकडा कोणता ते पुढे सांगते. पण डॉक्टरांनी सुचवलेली गोष्ट हवेतली नाही, तिच्यामागे बरंच खरं काम आहे. ते कळल्याशिवाय माझं ‘नको’ तुम्हाला पटणार नाही.

शरीरात गर्भ पहिले तीन-साडेतीन दिवस गर्भाशयात नसतोच, तो बीजवाहक नळीत असतो. नळी म्हणजे नुसता पाइप नव्हे. तिच्या आतल्या बाजूला दोन तऱ्हेच्या पेशी असतात, एकींना केसांसारखे तंतू असतात आणि दुसऱ्या सतत काही ना काही पाझरत असतात. त्या द्रवात गर्भ हळूहळू पुढे सरकतो. दुसऱ्या दिवशी साधारण चार पेशींचा, तिसऱ्या दिवशी आठ पेशींचा, चौथ्या दिवशी पेशींचा घट्ट गोळा होतो आणि त्या सुमाराला तो गर्भाशयात उतरतो. पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट. हा प्रवास अंधारात होतो, आणि तिथला ऑक्सिजनही आपण श्वासात घेतो त्याच्या निम्म्याहून कमी असतो.

सुरुवातीला गर्भ स्वतःच्या जनुकांवर चालत नाही. बीजात आईने बांधून दिलेली शिदोरी असते, त्यावर पहिले दोन-अडीच दिवस निघतात. माणसात गर्भाची स्वतःची जनुकं चार ते आठ पेशींच्या दरम्यान काम करू लागतात. पीटर ब्रॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे १९८८ मध्ये दाखवलं. उंदरात हा टप्पा दोन पेशींचा, गाई-मेंढ्यांत आठ ते सोळा पेशींचा. आता गंमत बघा. जुन्या काळी लॅबमध्ये गर्भ वाढवायला घेतले की उंदराचे दोन पेशींवर थांबायचे, गाईचे आठ-सोळावर, माणसाचे चार-आठवर. शिदोरी संपायची आणि स्वतःची चूल पेटायची, नेमक्या त्या सांध्यावर. शरीरात हा सांधा निभावतो, काचेच्या भांड्यात निभत नाही. मग नळीत असं काय आहे जे भांड्यात नाही? उत्तर समोरच दिसत होतं: पेशी.

त्यामुळे लोकांनी पेशी भांड्यात आणल्या. १९६२ मध्ये बिगर्स आणि सहकाऱ्यांनी उंदराची अख्खी नळीच प्लेटमध्ये जिवंत ठेवून तिच्यात गर्भ वाढवले. १९६५ मध्ये कोल आणि पॉल यांनी हेला पेशींच्या थरावर गर्भ ठेवून पाहिले. हेला म्हणजे माणसाच्या कर्करोगाच्या गाठीतून आलेल्या पेशी, तेव्हा ‘मायेचा थर’ वगैरे कल्पना डोक्यातून काढून टाका. १९८७ मध्ये गँडोल्फी आणि मूर यांनी मेंढीच्या नळीच्या पेशींवर मेंढीचे गर्भ वाढवले, आणि ते अडकण्याच्या टप्प्यापलीकडे गेले. त्या कामाने सगळ्यांचे कान टवकारले. सिंगापूरमध्ये आरिफ बोंग्सो यांनी १९८९ मध्ये माणसाच्या नळीच्या पेशी वापरल्या. फ्रान्समध्ये इव्ह मेनेझो यांनी व्हेरो पेशी घेतल्या. व्हेरो म्हणजे आफ्रिकेतल्या हिरव्या माकडाच्या मूत्रपिंडातल्या पेशी, जपानमध्ये १९६२ साली वेगळ्या काढलेल्या. पोलिओ आणि रेबीजच्या लशी याच पेशींवर बनतात, म्हणून त्या तपासलेल्या आणि सहज मिळणाऱ्या होत्या. त्यांच्यावरही माणसाचे गर्भ ब्लास्टोसिस्टपर्यंत जास्त प्रमाणात गेले.

माझं सगळं म्हणणं या एका गोष्टीवर उभं आहे, म्हणून इथे जरा थांबते. मेंढीच्या नळीच्या पेशी चालल्या. माकडाच्या मूत्रपिंडाच्या चालल्या. गाईच्या गर्भांसाठी उंदराच्या यकृताच्या पेशीही चालल्या. बीजाभोवतीच्या क्यूम्युलस पेशी चालल्या, गर्भाशयाच्या अस्तराच्याही चालल्या. आता, माकडाच्या मूत्रपिंडाला माणसाच्या गर्भाशी काय देणंघेणं? काहीच नाही. तरीही गर्भाचं भलं होत होतं. याचा अर्थ, त्या पेशी गर्भाला एखादं खास आईकडचं देणं देत नव्हत्या. कुठलीही धडधाकट पेशी करील असं काहीतरी त्या करत होत्या. ते काय?

थोडं देणं होतं, हे खरं. पेशी वाढीला मदत करणारी काही प्रथिनं सोडतात, काही अमिनो आम्लं सोडतात, गर्भाला ऑक्सिजनच्या माऱ्यापासून वाचवणारे हायपोटॉरीनसारखे पदार्थ नळीच्या पेशी बनवतात. पण मोठा भाग होता झाडलोटीचा. त्या काळच्या मीडियात, म्हणजे गर्भ ज्या द्रवात वाढवतात त्यात, साखर गरजेपेक्षा जास्त असायची. पहिल्या दोन-तीन दिवसांत गर्भाला ग्लुकोज फारसं पेलत नाही, त्याला पायरुव्हेट लागतं. थरातल्या पेशी ग्लुकोज खाऊन टाकायच्या आणि पायरुव्हेट-लॅक्टेट बाहेर सोडायच्या. मीडियात किंवा प्लास्टिकमध्ये आलेले जड धातूंचे अंश त्या शोषून घ्यायच्या. इनक्यूबेटरमध्ये साधी हवा असायची, म्हणजे २० टक्के ऑक्सिजन. पेशी श्वास घेऊन आपल्या आसपासचा ऑक्सिजन कमी करायच्या आणि गर्भ नेमका त्यांच्याच कुशीत असायचा. थोडक्यात, पाणी गढूळ होतं आणि पेशी तुरटीचं काम करत होत्या.

मग लोक पाणीच स्वच्छ करायला लागले. १९९० च्या दशकात डेव्हिड गार्डनर, मिशेल लेन आणि इतरांनी नळीतला आणि गर्भाशयातला द्रव तपासून दोन टप्प्यांचा मीडिया बनवला. पहिल्या तीन दिवसांसाठी एक, त्यात ग्लुकोज कमी आणि निवडक अमिनो आम्लं, पुढच्या दोन दिवसांसाठी दुसरा. धातू बांधून ठेवायला ईडीटीए आलं. मीडियातलं ग्लुटामिन फुटून अमोनिया तयार होतो हे लक्षात आल्यावर त्याजागी जास्त टिकाऊ रूप आलं. आत नायट्रोजन भरून ५ टक्के ऑक्सिजन राखणारे इनक्यूबेटर आले. पेशींची जी कामं होती ती एकेक करून बाटलीत आणि गॅसच्या नळीत गेली. म्हणून चांगल्या लॅबमधून को-कल्चर गेलं. कोणी बंदी घातली म्हणून नव्हे, तर गरज संपली म्हणून.

माझी पहिली नोकरी २००२ ची. खाडीच्या अलीकडची एक लॅब, नाव घेत नाही. तिथे आम्ही क्यूम्युलसचा थर लावायचो. पिकअप झाला की बीजाभोवतीचा तो पांढुरका, चिकट ढग सुयांनी थोडा कापून घ्यायचा, हायल्युरोनिडेज या एन्झाइममध्ये सोडवायचा, धुवायचा, सेंट्रिफ्यूज करायचा, मोजायचा आणि तेलाखालच्या थेंबांत सोडायचा. दुसऱ्या दिवशी पेशी तळाला चिकटून फरशीसारख्या पसरायच्या. दिसायला फार सुंदर, आजही ते आठवलं की बरं वाटतं. पण त्या पेशींना जगायला सीरम (रक्त गोठल्यावर वर उरणारा द्रव) लागायचं. पेशंटचंच रक्त घेऊन, ते ५६ अंशांवर अर्धा तास तापवून आम्ही सीरम वापरायचो. पेशींना हवं ते गर्भाला सोसतंच असं नाही, एका ताटात दोघांचं जेवण लावण्यासारखं ते होतं. पेशी आम्ल सोडायच्या, गुलाबी मीडिया तिसऱ्या दिवशी पिवळट दिसायचा, की बदला मीडिया. मीडिया बदलायला इनक्यूबेटर उघडायचा, म्हणजे गर्भ बाहेर काढायचे, म्हणजे तापमान हललं.

आणि आपल्याकडचा जुलै. ज्यांनी ठाण्यात कपाटातल्या चपलेवर बुरशी पाहिली आहे त्यांना मला काय म्हणायचंय ते कळेल. पेशी जितक्या हौसेने सीरमवर वाढतात, तितक्याच हौसेने बुरशीही वाढते. एका पावसाळ्यात माझ्याकडच्या दोन डिशमध्ये धागे दिसले. एका बाईचे चार गर्भ त्यात होते. तिला सांगण्यात आलं की गर्भ ‘आपोआप थांबले’. मी ज्युनिअर होते, गप्प बसले. नंतर कितीतरी वर्षं मला ती बाई वेटिंग रूममध्ये बसलेली दिसत राहिली. डिशमध्ये जितके जास्त जीव ठेवाल तितक्या जास्त गोष्टी बिघडू शकतात, हे मी तिथे शिकले.

आता तुमच्या डॉक्टरांनी सांगितलेला प्रकार, स्वतःच्या अस्तराच्या पेशी. यावर न्यूयॉर्कच्या कॉर्नेलमधल्या गटाने बराच काळ काम केलं. आधीच्या पाळीच्या चक्राच्या दुसऱ्या अर्ध्यात बायोप्सी घ्यायची, ग्रंथींच्या पेशी आणि खालच्या आधार-पेशी वेगळ्या करायच्या, गोठवायच्या, आयव्हीएफच्या वेळी वितळवून थर करायचा. त्यांच्या निकालांत काही पेशंटच्या गर्भांची प्रत सुधारलेली दिसली. २००८ मध्ये को-कल्चरच्या अभ्यासांची एकत्रित छाननीही झाली, आणि एकूण कल बाजूने दिसला. डॉक्टर तुम्हाला बहुधा त्याच्यावरूनच सांगत असतील. पण त्या छाननीतले अभ्यास लहान होते, एकमेकांशी न जुळणारे होते. कोणी व्हेरो वापरलेला, कोणी क्यूम्युलस, आणि तुलना ज्या मीडियाशी केली तो बऱ्याचदा जुना, साधा. आजच्या मीडियाशी आणि ५ टक्के ऑक्सिजनशी तुलना केली तर किती फायदा उरतो, हा खरा प्रश्न आहे. शिवाय गर्भाची प्रत सुधारणं आणि बाळ घरी येणं यांत बरंच अंतर असतं, तुम्हाला ते सांगायला नको.

एक साधी गोष्टही खटकते. पहिल्या तीन दिवसांत गर्भाची जागा नळीत. त्याला गर्भाशयाच्या अस्तराची संगत चौथ्या दिवसापासून. तुमचे गर्भ तिसऱ्याच्या सुमाराला अडकत असतील, तर तिथे अस्तराच्या पेशी आणून बसवणं म्हणजे दहावीच्या पोराला बारावीची शिकवणी लावण्यासारखं झालं.

धोक्यांबद्दल थोडक्यात. जनावरांच्या पेशी आज कुठल्याही शहाण्या लॅबने वापरू नयेत. त्यांच्यातून विषाणू येण्याची भीती असते, आणि अमेरिकेत २००१ च्या मार्गदर्शक तत्त्वांपासून जिवंत प्राणी-पेशींच्या संपर्कात आलेले गर्भ प्राण्याचा अवयव बसवण्याच्या कडक नियमांखाली धरले जातात. गाई-मेंढ्यांत सीरम आणि को-कल्चरमध्ये वाढवलेल्या गर्भांतून अवाजवी मोठी वासरं-कोकरं जन्मल्याचा अनुभवही १९९० च्या दशकात आला. माणसात तसं ठळकपणे दिसलेलं नाही, पण गर्भाला सुरुवातीच्या चार-पाच दिवसांत जे वातावरण मिळतं त्याची खूण पुढे राहू शकते, एवढं त्यातून कळलं. स्वतःच्या पेशींत हा धोका कमी. पण बायोप्सीची नळी गर्भाशयाच्या मुखातून जाते, तिच्यासोबत जंतू येतात. आपल्या भागात अस्तराचा टीबी ही काही दुर्मीळ गोष्ट नाही. बायोप्सी करणारच असाल तर त्यातला एक तुकडा टीबीच्या तपासणीला जातोय ना, हे जरूर विचारा. निदान बायोप्सी वाया जाणार नाही.

आता तो आकडा.

लॅबला विचारा: तुमच्याकडे चाळिशीच्या आतल्या बायकांची स्वतःची बीजं नीट फर्टिलाइज झाली तर त्यातली शंभरातली किती पाचव्या दिवशी ब्लास्टोसिस्ट होतात? २०१७ मध्ये व्हिएन्नात जगभरच्या एम्ब्रियॉलॉजिस्टांनी यावर एकमत केलं. किमान ४० टक्के यावेत, आणि चांगल्या लॅबने ६० टक्क्यांचं ध्येय ठेवावं. तुमच्या दोन खेपांत मिळून १३ फर्टिलाइज झाली आणि १ पोचला. म्हणजे आठ टक्क्यांच्या आसपास. आता दोनच शक्यता. लॅबचा एकूण आकडा ५० च्या वर असेल, तर त्याच डिशमध्ये, त्याच मीडियात, त्याच इनक्यूबेटरमध्ये इतरांचे गर्भ छान वाढतायत. मग अडचण वातावरणाची नाही, बीजात किंवा शुक्राणूत आहे, आणि पेशींचा थर बीजातल्या गुणसूत्रांची चूक दुरुस्त करू शकत नाही. कुठल्याच थराला ते जमत नाही. आणि लॅबचा एकूण आकडाच २०-२५ असेल, तर अडचण लॅबमध्ये आहे. मग पेशी लावण्यापेक्षा लॅब बदला. गळकं छप्पर तसंच ठेवून खाली बादली ठेवण्याचे पैसे तुम्ही का द्यायचे?

आकडा सांगायला टाळाटाळ झाली तर ते पण एक उत्तरच समजा. २०२१ च्या एआरटी (आयव्हीएफसारख्या उपचारांच्या) कायद्यानुसार यशाची शक्यता, फायदे, तोटे, खर्च आणि धोके समजावून सांगणं क्लिनिकवर बंधनकारक आहे. को-कल्चर ठरलंच तर ते संमतीपत्रात स्वतंत्र लिहिलेलं असावं, ‘लॅब चार्जेस’मध्ये गुंडाळलेलं नसावं.

वातावरणाबद्दल आणखी एक, कारण आपल्या भागाला ते लागू पडतं. गर्भाला हवेतल्या रंगाच्या, थिनरच्या, डिझेलच्या वाफा सोसत नाहीत. घोडबंदर रोडवर वर्षानुवर्षं चाललेलं बांधकाम, नवी मुंबईकडे ठाणे-बेलापूर पट्ट्यातले कारखाने, यांमुळे इथल्या लॅबला नुसता धूळ अडवणारा फिल्टर पुरत नाही, कोळशाचे फिल्टर लागतात आणि ते वेळेवर बदलावे लागतात. एकदा आमच्या खालच्या मजल्यावर दुकानाचं फर्निचर चालू होतं, पॉलिशचा वास जिन्यात. आम्ही त्या आठवड्याचे पिकअप पुढे ढकलले. मालक माझ्यावर चिडले होते. तुमच्या दोन्ही खेपांच्या तारखा सांगून विचारा, त्या दिवसांत लॅबमध्ये किंवा शेजारी काही काम चालू होतं का. विचित्र वाटेल, पण विचारा.

मग तुमच्या बाजूचं काय बघायचं? मला आधी एम्ब्रियो शीट, म्हणजे लॅबने ठेवलेली गर्भांची रोजची नोंद, बघायला आवडेल. कुठला गर्भ कुठल्या दिवशी थांबला? दुसऱ्या दिवशीच थांबले असतील तर संशय बहुतेक बीजाकडे जातो, कारण तेव्हा सगळं आईच्या शिदोरीवर चालतं. तिसऱ्या दिवसापर्यंत छान आठ पेशी आणि मग घसरण, असं असेल तर शुक्राणूच्या बाजूनेही बघायला हवं, कारण वडिलांची जनुकं तेव्हा कामाला लागतात. साहेबांचा काउंट नॉर्मल आहे म्हणून हा भाग सोडून देऊ नका. शुक्राणूंच्या डीएनएची तपासणी वेगळी असते. दोघांचं कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी, झालं आहे का? इंजेक्शनचा प्रोटोकॉल दोन्ही वेळा एकच होता का? १३ पैकी किती बीजांना पहिल्या दिवशी दोन केंद्रकं, म्हणजे नीट फर्टिलाइज झाल्याची खूण, स्पष्ट दिसली होती? हे सगळं थरापेक्षा स्वस्त आहे, आणि त्याने काहीतरी कळतं तरी.

तिसऱ्या दिवशीच ट्रान्स्फर करून बघावं का, असं तुम्ही विचाराल. विचारायला हरकत नाही. जगातलं पहिलं टेस्ट ट्यूब बाळ, लुईस ब्राउन, हिचा गर्भही आठ पेशींचा असतानाच आत ठेवला होता, आणि तुमच्याकडच्या अस्तराच्या जिवंत पेशी तशाही आतच आहेत, लॅबमध्ये आणायचा खटाटोप नाही. मात्र जो गर्भ गुणसूत्रांमुळे डिशमध्ये थांबणार होता तो पोटातही थांबणारच, फक्त आपल्याला तो थांबताना दिसणार नाही. तरी ज्या लॅबचा पाचव्या दिवसाचा आकडा बरा नाही, तिथे तिसऱ्या दिवसाचा विचार मी नक्की करीन.

पेशींचा थर अगदी टाकाऊ झाला असं मात्र कोणी समजू नये. म्हशींच्या आयव्हीएफमध्ये, ज्यात आपल्या कर्नालच्या राष्ट्रीय डेअरी संशोधन संस्थेने १९९० मध्येच वासरू जन्माला घातलं, क्यूम्युलस आणि नळीच्या पेशींचे थर बराच काळ वापरात होते. बोंग्सोंना तर या कामातून भलतीच वाट सापडली. माणसाच्या ब्लास्टोसिस्टमधल्या आतल्या पेशी वेगळ्या काढून त्यांनी १९९४ मध्ये काही काळ वाढवून दाखवल्या, मूलपेशींच्या संशोधनाची ती एक पायरी ठरली. आणि पारंपरिक पद्धतीने, म्हणजे इक्सी (एकेक शुक्राणू सुईने बीजात सोडणं) न करता, आयव्हीएफ केलं तर पहिले सोळा-अठरा तास क्यूम्युलस बीजाभोवती असतंच, त्याला कोणी को-कल्चर म्हणत नाही एवढंच. तुमच्या साहेबांचा रिपोर्ट परवानगी देत असेल तर पुढच्या खेपेला निम्मी बीजं इक्सीने आणि निम्मी साध्या पद्धतीने लावायचं डॉक्टरांशी बोलून बघा. त्याला पेशींचा वेगळा खर्च नाही, आणि दोन्ही बाजूंचे गर्भ शेजारी शेजारी वाढताना बरंच कळतं.

दोन्ही खेपांच्या एम्ब्रियो शीटची प्रत मागून घ्या, फोटो असतील तर तेही, ते मागायचा तुम्हाला हक्क आहे. शीटवर चौथ्या दिवसाचा रकाना रिकामा दिसला तर घाबरू नका, बऱ्याच लॅब चौथ्या दिवशी गर्भ मुद्दाम हलवत नाहीत. तिसऱ्या दिवसाचा रिकामा असेल तर मात्र कारण विचारा.